भूकंपात मुलांनी काय करायचं: घर, शाळा आणि झोपेतली तयारी

मुलांना भूकंपाबद्दल सांगायचं म्हटलं की बहुतेक घरांतून एकच सूचना निघते: "हादरा बसला की बाहेर पळ." काही घरांत ही सूचना बरोबर आहे, बऱ्याच घरांत ती घातक आहे. म्हणून मुलाला काही शिकवण्याआधी मोठ्यांनी एक काम उरकायचं. मूल दिवसातून कुठे कुठे असतं आणि त्या त्या जागेच्या भिंती आणि छप्पर कशाचं आहे, हे बघायचं. मग प्रत्येक जागेसाठी मुलाला एकच कृती सांगायची. "असं झालं तर हे, तसं झालं तर ते" अशी साखळी हादऱ्यात मोठ्यांनाही आठवत नाही, मुलांना कुठून आठवणार.

आधी घर ओळखा

सिमेंट काँक्रीटचे कॉलम आणि बीम असलेली इमारत, मग ती दोन मजल्यांची असो की वीस, तिच्यात असाल तर आतच थांबायचं. जमीन हलत असताना पाय उचलून पुढे टाकणं मोठ्या माणसालाही जमत नाही. त्यात जिना हा इमारतीतला कमकुवत भाग, आणि तिथेच सगळे एकदम धावतात. टिकून राहिलेल्या इमारतींमधल्या जखमा बहुतेक तीन गोष्टींनी होतात: अंगावर पडलेल्या वस्तू, फुटलेल्या काचा आणि पळताना पडणं. फेब्रुवारी 2019 मध्ये पालघर जिल्ह्यात धक्के बसत असताना घरातून बाहेर पळताना पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला होता. तो धक्का काही फार मोठा नव्हता.

मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर मात्र वेगळं. दगड आणि मातीची जाडजूड भिंत, वर लाकडी सऱ्या-फळ्या आणि त्यावर वर्षानुवर्षं चढवत नेलेला पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात अशा घरासारखा गारवा नाही, पण हादऱ्यात भिंतीचे बाहेरचे आणि आतले दगड एकमेकांपासून सुटतात आणि छपराचं सगळं वजन खाली येतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात एवढी माणसं गेली ती मुख्यतः या कारणानं. अशा घरात टेबलाखाली बसण्याचा भरवसा धरता येत नाही. मूल तळमजल्यावर असेल, दार चार-पाच पावलांवर असेल आणि दाराबाहेर मोकळं अंगण असेल, तर पहिल्या खडखडाटालाच डोक्यावर हात धरून बाहेर पडायचं आणि अंगणाच्या मधोमध जाऊन खाली बसायचं. दाराबाहेर बोळ असेल आणि समोर तशीच दगडी भिंत असेल, तर हा नियम लागू नाही. मग आतच, जाड भिंतीपासून लांब, असेल त्या मजबूत लाकडी वस्तूला चिकटून डोकं झाकायचं.

माळवदाच्या घरात खरा उपाय मुलाच्या हातात नाही, मोठ्यांच्या आहे. मुलाचं अंथरूण आतल्या खोलीतून काढून दाराजवळ, शक्य असेल तर पत्र्याच्या किंवा हलक्या छपराच्या पडवीत घाला. माळवदावर दरवर्षी नवी माती चढवण्याऐवजी जुना थर उतरवून पातळ करा. याचा उपयोग कुठल्याही कवायतीपेक्षा जास्त होतो.

कुडाच्या भिंतीचं कौलारू घर हलकं असतं. ते माणसाला गाडत नाही, पण कौलं सटकतात. दार हाताशी असेल तर डोकं झाकून बाहेर, नाहीतर डोक्यावर उशी, पाट, दप्तर, जे मिळेल ते. घाईनं पळू नये हे इथेही लागू.

वाका, झाका, पकडा

पक्क्या इमारतीतल्या मुलाला शिकवायचे शब्द एवढेच. तीन शब्द, तीन हालचाली. पाच वर्षांचं मूल हे एका दुपारी शिकतं, पण नीट शिकवलं तर. बहुतेक ठिकाणी गडबड तपशिलात होते, म्हणून जरा जवळून बघू.

वाका: उभ्या जागी गुडघ्यांवर आणि हातांवर यायचं. मुलं उकिडवी बसतात. उकिडवं बसलेलं मूल पहिल्याच हेलकाव्यात कलंडतं. गुडघे टेकलेच पाहिजेत. या स्थितीत रांगताही येतं, म्हणजे टेबल दोन हातांवर असेल तर तिथवर जाता येतं.

झाका: एक हात मानेच्या मागच्या बाजूला, कवटी जिथे मानेला मिळते तिथे. मुलं बहुधा टाळूवर किंवा कानांवर हात ठेवतात. त्यांचा हात धरून योग्य जागी नेऊन ठेवा, सांगून उपयोग होत नाही. मग टेबलाखाली शिरायचं. आधी डोकं, मग खांदे, मग बाकीचं अंग. टेबल लहान असेल आणि पाय बाहेर राहिले तर राहू द्या.

पकडा: दुसऱ्या हातानं टेबलाचा पाय धरायचा. अगदी तळाशी नाही, जमिनीपासून वीतभर वर. टेबल उचललं जाऊन परत आपटलं तर तळाशी धरलेली बोटं सापडतात. टेबल सरकायला लागलं तर आपणही गुडघ्यांवर त्याच्यासोबत सरकायचं. हा भाग सरावात कुणी घेत नाही, आणि तोच महत्त्वाचा. जोराच्या हादऱ्यात टेबल फरशीवरून चालत जातं आणि मूल उघड्यावर राहतं. सरावात मूल खाली बसलं की मोठ्या दोघांनी टेबल धरून हळूहळू हातभर इकडे, हातभर तिकडे सरकवायचं आणि मुलानं त्याच्यासोबत राहायचं. मुलांना हे आवडतं, एरवीचा सराव ती कंटाळून करतात.

तोंड खिडकीच्या उलट बाजूला, डोळे मिटलेले. आणि मोठ्यानं साठपर्यंत आकडे मोजायचे. जोराचे हादरे बहुधा त्याआधीच थांबतात, पण 2001 साली कच्छच्या भूकंपात जमीन त्याहून जास्त वेळ हलत राहिली होती. म्हणून मुलाला सांगायचं की साठ झाले आणि अजून हलतंय तर पुन्हा एकपासून सुरू कर. मोजण्याचा दुसरा फायदा असा की मुलाचा आवाज ऐकू येत राहतो, आणि पलीकडच्या खोलीतली आई "कुठे आहेस" म्हणत धावत सुटत नाही.

कारण मोठ्यांनाही हा धडा घ्यावाच लागतो. हादरा बसला की मूल आईकडे धावतं आणि आई मुलाकडे, आणि दोघं खोलीच्या मधोमध, पंख्याखाली भेटतात. घरात स्पष्ट ठरवा: हादरा चालू असताना कुणी कुणाकडे जायचं नाही, जो तो आपापल्या जागी वाकणार, हाक मात्र मारायची. अपवाद तान्ह्या बाळाचा. ज्याच्या हाताशी बाळ असेल त्यानं ते छातीशी घ्यायचं, गुडघ्यांवर यायचं आणि त्याच्यावर ओणवं होऊन आपल्या अंगाचा आडोसा करायचा. आजी-आजोबांना खाली वाकता येत नसेल तर त्यांनी खुर्चीत किंवा पलंगावर बसल्या जागी पुढे झुकून डोकं आणि मान दोन्ही हातांनी झाकायची. चाकाच्या खुर्चीतल्या मुलानं आधी चाकांचे ब्रेक लावायचे, मग तसंच झुकायचं. त्याच्या सरावात ब्रेक लावण्याची क्रिया सर्वात जास्त वेळा घ्या.

कोणतं टेबल चालेल? जेवणाचं लाकडी टेबल, अभ्यासाचं लोखंडी टेबल चालतं. प्लॅस्टिकचं टेबल, काचेची टीपॉय, चाकांचं कॉम्प्युटर टेबल चालत नाही. परीक्षा सोपी आहे: मोठ्या माणसानं टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकून जोरात आडवा धक्का द्यायचा. पाय लचकले किंवा सांधे करकरले तर ते टेबल बाद.

दाराच्या चौकटीत उभं राहणं

हे अजूनही सांगितलं जातं. जुन्या मातीच्या घरांचे फोटो, ज्यांत सगळं पडलंय आणि चौकट तेवढी उभी आहे, तिथून बहुधा ही समजूत आली असावी. आजच्या घरातली चौकट भिंतीपेक्षा मजबूत नसते, वरून येणाऱ्या वस्तूपासून ती वाचवत नाही, आणि हलणारं दार बोटांवर आपटतं. व्हॉट्सॲपवर फिरणारा दुसरा सल्ला, कपाटाच्या किंवा पलंगाच्या शेजारी अंग मुडपून पडायचं म्हणजे त्रिकोणी पोकळी मिळते, तोही मुलांना शिकवू नका. कपाट कोणत्या बाजूला पडणार हे आधी कुणाला कळतं?

टेबलच नसेल तर

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत पहिली-दुसरीचे वर्ग आजही बसकरपट्टीवर बसतात. अंगणवाडीत तर टेबल एकच, बाईंचं. छापील सूचनांमध्ये मात्र सगळीकडे "बाकाखाली जा" लिहिलेलं असतं. अशा वर्गातल्या मुलांसाठी वेगळी पद्धत बसवावी लागते. बाईंनी आधी वर्गाची पाहणी करून कपाट, लोखंडी रॅक, टीव्ही, फळा आणि खिडक्या यांच्यापासून लांबची जागा ठरवायची, बहुधा ती आतल्या भिंतीजवळ सापडते. तिथे जमिनीवर खडूनं किंवा रंगानं पट्टा आखायचा. हादरा आला की जवळच्या मुलांनी रांगत पट्ट्यात, लांबच्यांनी आहे तिथेच गुडघ्यांवर, कपाळ जमिनीकडे. दोन्ही हात मानेवर, आणि हाताशी असेल तर दप्तर डोक्यावर. दप्तर शोधायला कुणी उठायचं नाही. दप्तर रोज आपल्या उजव्या हाताला ठेवायची सवय लावली तर शोधावं लागत नाही.

जोडबाकांच्या वर्गात मुलं बसायच्या फळीखाली शिरायला बघतात, कारण ती जवळ असते. डोकं लिहायच्या फळीखाली हवं, ती जास्त रुंद असते. बाकाच्या खालच्या आडव्या दांडीमुळे मोठ्या मुलांना आत शिरता येत नाही. त्यांनी दोन बाकांमधल्या जागेत गुडघे टेकून डोकं आणि मान तेवढी फळीखाली न्यायची. प्रत्येक मुलाला एकदा प्रत्यक्ष बसवून बघा. सातवीतला उंच मुलगा आणि चौथीतली मुलगी एकाच पद्धतीनं मावत नाहीत.

झोपेत असताना

कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप पहाटे सव्वाचारच्या सुमारास झाला, किल्लारीचा पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना, गणेशविसर्जनाहून परतलेली माणसं नुकती झोपली होती तेव्हा. तरी आपल्याकडचा सगळा सराव दिवसा, गणवेशात आणि बूट घालून होतो. रात्रीचा धडा वेगळा द्यायला हवा.

पलंगावर झोपणाऱ्या मुलानं पलंगावरच राहायचं, पालथं व्हायचं, उशी डोक्यावर आणि मानेवर ओढून दोन्ही हातांनी दाबून धरायची. अंधारात खाली उतरलं की पाय काचेवर पडतो. गादी घालून जमिनीवर झोपणाऱ्या मुलानंही तेच करायचं, पण त्याच्या बाबतीत अंथरुणाची जागाच जास्त महत्त्वाची. उशाशी लोखंडी कपाट, वर फळीवर पितळी हंडे, भिंतीवर देवांच्या काचेच्या तसबिरी, ही आपल्या घरांची नेहमीची मांडणी.

एक प्रयोग मुलासोबत करा. टेपनं कपाटाची उंची मोजा. साडेसहा फूट असेल तर कपाटाच्या पायापासून समोर साडेसहा फूट लांब आणि कपाटाएवढा रुंद चौकोन जमिनीवर खडूनं आखा. कपाट पडलं तर ते या चौकोनात पडेल. आता रात्रीची गादी घाला आणि उशी कुठे येते ते बघा. उशी चौकोनात आली की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही, मूल स्वतःच गादी ओढायला लागतं. हाच चौकोन दारावर येत असेल तर कपाट पडल्यावर दार उघडणार नाही, हेही तिथेच दिसतं.

रात्रीसाठी आणखी दोन वस्तू: चपला आणि टॉर्च. दोन्ही एका कापडी पिशवीत घालून पिशवी पलंगाच्या पायाला बांधायची. नुसत्या पलंगाखाली ठेवलेल्या चपला हादऱ्यात खोलीभर जातात. महिन्यातून एकदा दिवे मालवून मुलाला पिशवी शोधायला, चपला घालायला आणि दारापर्यंत यायला लावा.

घरातलं सामान

हे काम मुलांना बरोबर घेऊन करण्यासारखं आहे. मुलाच्या हाती लाल टिकल्यांचं पाकीट द्या आणि प्रत्येक खोलीत "हललं तर काय पडेल" ते शोधून टिकली लावायला सांगा. मोठ्यांच्या नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी मुलांना दिसतात, कारण ती खालून वर बघतात. मग टिकल्यांच्या जागी काय करायचं ते ठरवा. बरंच काम फुकटात होतं: पोटमाळ्यावरचे पाटा-वरवंटा, कुकर, तांब्या-पितळेची भांडी खाली आणायची, पलंग खिडकीपासून दूर घ्यायचा, उशावरची तसबीर पायाकडच्या भिंतीवर लावायची. मांडणीवरचे डबे सटकू नयेत म्हणून फळीच्या पुढच्या कडेला दोन बोटं उंचीची पट्टी ठोकली तरी पुरते.

कपाट, फ्रिज आणि पुस्तकांचं रॅक मात्र भिंतीला बांधायला हवं. कपाटाच्या माथ्यावर दोन्ही टोकांना लोखंडी एल पट्ट्या, भिंतीत प्लग आणि किमान दोन इंची स्क्रू. एकच पट्टी मधोमध लावली तर कपाट तिच्याभोवती फिरतं. बिघडतं ते बहुधा भिंतीपाशी. गिलाव्यातच अडकलेला स्क्रू हातानं ओढला तरी निघतो, तो विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. नव्या इमारतींतल्या हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत साधे प्लग धरत नाहीत, त्यासाठी वेगळे अँकर मिळतात. मातीच्या भिंतीत काहीच धरत नाही. तिथे कपाट हलवणं एवढाच मार्ग. पट्टी लावून झाल्यावर कपाटाचा माथा धरून पुढे ओढून बघा. ताणून हललं तर काम पुन्हा करायचं.

गॅसच्या सिलिंडरभोवती साखळी घालून ती भिंतीतल्या हुकात अडकवा, आणि रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय ठेवा. हादरा थांबल्यावर गॅस बंद करण्याचं काम बारा वर्षांखालच्या मुलाला देऊ नका.

शाळेतला सराव

सराव करताना शाळा हमखास एक चूक करतात: घंटा वाजते आणि मुलं रांगेनं मैदानात जातात. हा आगीचा सराव झाला. भूकंपाच्या सरावात पहिलं मिनिट वर्गातच जायला हवं. मुलांच्या अंगात "घंटा म्हणजे बाहेर" हे मुरलं की खऱ्या हादऱ्यात ती जिन्याकडे जातात. म्हणून इशारा वेगळा ठेवा, नेहमीची घंटा नको. खऱ्या भूकंपात कुणी घंटा वाजवणार नसतं, म्हणून शिक्षकांनीच "भूकंप! वाका, झाका, पकडा!" असं ओरडायचं आणि स्वतःही टेबलाखाली जायचं. शिक्षक उभे राहून देखरेख करत बसले तर मुलं त्यांच्याकडेच बघत बसतात.

क्रम असा ठेवा:

1. इशारा. पाच सेकंदांत सगळी मुलं आडोशाला. दाराजवळच्या मुलानं दार उघडं ठेवायला थांबायचं नाही, ते शाळा चालू असताना उघडंच असावं.
2. साठपर्यंत मोठ्यानं मोजणी. मध्येच कुणी डोकं बाहेर काढलं तर मोजणी पुन्हा एकपासून.
3. "थांबला" असं शिक्षकांनी म्हटल्यावर आधी वर बघायचं. छताचा तुकडा, लोंबकळता पंखा, फुटलेली काच दिसते का? मगच उठायचं.
4. दप्तर डोक्यावर धरून रांगेनं बाहेर. धावायचं नाही, ढकलायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. तळमजल्यावरचे वर्ग आधी, कारण ते हलल्याशिवाय वरच्यांना जागा होत नाही. शिक्षक सर्वात शेवटी, हजेरीपुस्तक हातात.
5. मैदानात इमारतीपासून निदान तिच्या उंचीइतकं लांब. पाण्याची टाकी, विजेची तार, कंपाउंडची भिंत, ध्वजस्तंभ यांच्याजवळ नाही.
6. हजेरी. गैरहजर कोण आणि हरवलं कोण यांतला फरक फक्त हजेरीपुस्तकावरून कळतो.

सुरुवातीला आठवड्यातून एकदा असे चार सराव घ्या, नंतर महिन्याला एक. वेळ बदलत राहा. मधल्या सुट्टीत, खिचडी वाटताना, एक गट शौचालयात असताना, प्रयोगशाळेत. खिचडीच्या वेळी घेतलेल्या सरावात एकदम कळतं की गरम पातेलं कुठे ठेवलेलं असतं. सलग दोन सराव आधी सांगून घेतले की तिसरा न सांगता घ्या. पण ज्या भागात खरेच धक्के बसताहेत तिथे न सांगता सराव घेऊ नये, मुलं खरोखर घाबरतात.

मुलं हसतात, दंगा करतात. पहिल्या दोन सरावांत हसू द्या. लहान मुलाला अवघडल्यावरही हसू येतं. तिसऱ्या सरावाला मोजणी पुन्हा एकपासून लावली की वर्ग आपोआप शांत होतो.

शाळेनं आणखी एक यादी करून ठेवायला हवी: कोणतं मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं. प्रत्येक मुलामागे पालकांखेरीज दोन नावं, फोन नंबर, आणि नेताना सही. भूकंपानंतर गेटवर एकदम गर्दी होते, ओळखीचा कुणीतरी "मी सोडतो" म्हणून मूल नेतो आणि आई-बाप रात्रीपर्यंत शोधत बसतात.

रस्त्यावर, बोळात, वाहनात

26 जानेवारी 2001 च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमधल्या अंजारमध्ये शाळकरी मुलांची प्रजासत्ताक दिनाची फेरी अरुंद रस्त्यावरून चालली होती. दोन्ही बाजूंची घरं फेरीवर कोसळली. 185 मुलं आणि 20 शिक्षक गेले. त्यांच्या स्मृतीसाठी आज तिथे स्मारक आहे. यातून शिकवण्याची गोष्ट अशी की "बाहेर" म्हणजे "सुरक्षित" नव्हे. मोकळं आकाश दिसतं ती जागा सुरक्षित, आणि दोन भिंतींमधली फट ही घराइतकीच वाईट. पुण्याच्या पेठा, कोल्हापूरच्या गल्ल्या, नाशिकचे जुने वाडे, मुंबईच्या चाळींमधले बोळ, सगळीकडे हाच प्रश्न. मुलाला शाळेच्या वाटेवरून एकदा चालत न्या आणि विचारा: इथे हादरा आला तर कुठे जाशील? प्रत्येक पन्नास पावलांवर एक जागा त्याला ठरवू द्या. चौक, पार, मोकळा प्लॉट, देवळाचं पटांगण. जागा नसेलच तर भिंतीपासून सुटून रस्त्याच्या मध्याकडे, वाहनं बघून, डोक्यावर दप्तर. फाटक, होर्डिंग, विजेचा खांब यांचा आधार घ्यायचा नाही.

स्कूलबसमध्ये किंवा रिक्षात असेल तर चालक थांबवेल तोवर सीटवर बसून पुढे झुकायचं, बाहेर उडी मारायची नाही. लिफ्टमध्ये असेल तर सगळ्या मजल्यांची बटणं दाबायची आणि पहिलं दार उघडेल तिथे उतरायचं. उंच इमारतीतल्या मुलाला आधीच सांगून ठेवा की वरचे मजले जास्त वेळ आणि जास्त लांबवर झुलतात. झुलतंय म्हणजे पडतंय असं नाही. गॅलरीत जाऊन खाली बघायचं नाही.

थांबल्यावर

मोठ्या हादऱ्यामागून लहान धक्के येतात, कधी काही मिनिटांत, कधी कित्येक आठवडे. प्रत्येक वेळी पुन्हा तेच: वाका, झाका, पकडा. तडे गेलेल्या घरात खेळणं, दप्तर किंवा मांजर आणायला कुणी परत जायचं नाही, हे मुलाला आधीच सांगा. मांजराचं नाव घेऊन सांगा, कारण मूल त्यासाठीच परत जातं.

फोन बहुधा लागत नाहीत, मेसेज जातो. मुलाला दोन नंबर तोंडपाठ हवेत: एक आई किंवा वडिलांचा आणि एक दुसऱ्या जिल्ह्यातल्या मामाचा किंवा आत्याचा, कारण आपल्या गावातल्या लाइनी ठप्प झाल्या तरी तिकडचा फोन चालू असतो. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077.

ढिगाऱ्यात अडकल्यास काय, हे आठ वर्षांवरच्या मुलालाच सांगा, आणि थोडक्यात. तोंडावर ओढणी किंवा रुमाल धरायचा, धूळ आत जाऊ द्यायची नाही. सारखं ओरडायचं नाही, दम संपतो. जवळच्या पाइपवर किंवा भिंतीवर तीनदा ठोकायचं, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा तीनदा. शिट्टी असेल तर तीही तशीच. म्हणून चपलांच्या पिशवीत एक शिट्टी टाकून ठेवा.

भीतीचं काय

पडलेल्या घरांचे व्हिडिओ दाखवून मुलं सावध होत नाहीत, रात्री उठतात. सात वर्षांखालच्या मुलाला एवढं पुरे: "कधीकधी जमीन हलते. तेव्हा आपण काय करायचं ते आपल्याला माहीत आहे." दहाच्या पुढच्या मुलांना कारण सांगा, त्यांना ते हवं असतं. खडकांत साठलेला ताण एकदम सुटतो आणि लहरी निघतात. पहिल्या लहरी सेकंदाला साधारण 6 किलोमीटर वेगानं येतात आणि खडखडाट करतात, जोरात हलवणाऱ्या दुसऱ्या लहरी साधारण साडेतीननं. भूकंपाचा केंद्रबिंदू 40 किलोमीटरवर असेल तर दोघींत सुमारे पाच सेकंदांचं अंतर पडतं. म्हणजे टेबलाखाली जायला लागतो तेवढा वेळ. केंद्रबिंदू पायाखालीच असेल तर तो मिळत नाही, म्हणूनच पहिल्या खडखडाटाला विचार न करता वाकायचं. हे गणित कळलेलं मूल सराव टाळत नाही.

"पुन्हा होईल का?" असं विचारलं तर "नाही" म्हणू नका. होऊ शकतो, कधी ते कुणालाच सांगता येत नाही, असंच सांगा. "आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप" असे मेसेज खोटे असतात, हेही त्यात येऊ द्या. तारीख आणि वेळ आधी सांगण्याची पद्धत जगात कुठेच नाही. किल्लारीचा भाग 1993 पर्यंत देशाच्या नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता.

पालघरमधल्या डहाणू-तलासरीकडे 2018 च्या अखेरीपासून, आणि हिंगोलीत वसमत-औंढ्याच्या बाजूला, पुन्हापुन्हा छोटे धक्के आणि जमिनीतून गूढ आवाज येत राहिले आहेत. अशा भागातली मुलं काही दिवसांनी दोनपैकी एक करतात: प्रत्येक आवाजाला दचकतात, नाहीतर धक्का आला तरी अंथरुणातून हलत नाहीत. दुसरं जास्त काळजीचं. तिथे प्रत्येक धक्क्याला, कितीही लहान असो, पूर्ण कृती करायचीच असा नियम ठेवा आणि मोठ्यांनीही तो पाळा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवशी मुलाला वेळ लिहू द्या, आणि पुढे "वाकलो" किंवा "विसरलो" असं त्याच्याच हातानं.